एकसष्टावं रक्त

१

एक्केचाळीस नंबरच्या बाईंचं रक्त बदललं होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर लान्येरोनं संगणकावर तो आकडा पाहिला आणि चहाचा कप हातातच राहिला. फेब्रुवारीत बावीस, ऑगस्टमध्ये एकशे एकतीस. तिनं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पाहिलं. आकडा ढिम्म हलला नाही.

मसाकाच्या या संशोधन केंद्रात ती बारा वर्षं रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचा माग काढत होती. चरबी रक्तातून एकटी फिरत नाही, प्रथिनांच्या पाठुंगळी बसून फिरते. त्या जोडगोळीला लिपोप्रोटीन म्हणतात. बहुतेक लिपोप्रोटीनं माणूस काय खातो त्याप्रमाणे वरखाली होतात. शरीरात दाह किती आहे हे सांगणारा आकडा तर साध्या दाढदुखीनंही उडी मारतो. पण लिपोप्रोटीन-ए नावाचं जे एक आहे, ते हट्टी. माणूस जन्माला येताना त्याचं जे माप घेऊन येतो, जवळजवळ तेच घेऊन मरतो. थोडंफार इकडेतिकडे होईल. सहा महिन्यांत सहापट? लान्येरोनं असं कधी पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं.

"मशीन बिघडलं असेल," ती स्वतःशी म्हणाली. मशीनवर ढकललं की शास्त्रज्ञाला तेवढंच बरं वाटतं. तिनं प्रयोगशाळेतल्या तिबासिमाला तीच नळी पुन्हा तपासायला लावली. एकशे एकतीस. दुसऱ्या मशीनवर एकशे एकोणतीस.

मग नळ्यांची अदलाबदल झाली असेल. क्याबिरी गावातल्या साठ जणांचं रक्त त्याच दिवशी आलं होतं. एक्केचाळीसच्या जागी दुसऱ्याचं रक्त आलं असेल, तर त्या दुसऱ्याच्या जागी एक्केचाळीसचं सापडायला हवं. लान्येरोनं दुपारपर्यंत उरलेल्या एकोणसाठ जणांचे आकडे फेब्रुवारीच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले. सगळे जिथल्या तिथे. कुणाचंही रक्त बदललं नव्हतं.

म्हणजे माणसं साठ आणि रक्तं एकसष्ट.

तेवढ्यात कंपालाहून संचालकबाईंचा फोन आला. आकडा त्यांनीही पाहिला होता.

"कुणीतरी दुसऱ्याचं रक्त घातलंय, लान्येरो. पाच वर्षांचा अभ्यास एका नळीनं बुडेल. मला शुक्रवारी चारपर्यंत नाव हवंय."

"अजून काहीच कळत नाहीये, मॅडम."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? तुमच्या त्या तिबासिमानं गेल्या वर्षी दोन लेबलं उलटी लावली होती ना? या वेळी नळी सांडली असेल, आणि ओरडा बसेल म्हणून दुसरी भरून ठेवली असेल. तिला काढायचं पत्र मी करून ठेवलंय. तुमची सही तेवढी राहिलीय."

फोन बंद झाला. काचेपलीकडे तिबासिमा नळ्या पुसत उभी होती. असं पत्र एकदा नावावर लागलं की देशातली कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती. आणि वाईट गोष्ट अशी, की लान्येरोलाही संचालकबाईंचं म्हणणं पटायला लागलं होतं.

२

"मॅडम, माझी चूक असती तर मी रडले असते," तिबासिमा म्हणाली. "रडतेय का मी? चिडलेय."

ती पश्चिमेकडच्या टोरोची. अंगानं बारीक, आवाजानं मोठी. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"नळी सांडली होती का?"

"सांडली असती तर वहीत लिहिलं असतं. गेल्या वर्षी लेबलं उलटी लागली, तेव्हा तुम्हाला कोण सांगायला आलं होतं? मीच ना?"

हे खरं होतं. लान्येरोला ते आत्ता आठवलं आणि तिनं उगाचच कागद सारखे केले.

"पेटी आली तेव्हा तिचं सील?"

"शाबूत होतं. नंबर वहीत आहे, गाडी आणणाऱ्या सालोंगोची सही आहे. रक्त काढून झालं की कावीसी गावातच सील लावतो, इथं मी तोडते. मधे कुणाचा हात लागत नाही." बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो ते तिला कळलं. "म्हणजे एक तर कावीसी, नाहीतर मी. आणि कावीसीच्या समोर तर बाई बसलेली. समोर हात पुढे केलेला असताना तो दुसऱ्याचं रक्त कशाला काढेल? हो ना? मग उरले मीच. छान!"

लान्येरो स्वतःही नेमका हाच हिशोब करून बसली होती.

दारापर्यंत जाऊन तिबासिमा वळली. "एक सांगू? ती नळी रेघेपर्यंत भरलेली होती. काठोकाठ. सत्तरीच्या जाजांच्या, आजीबाईंच्या शिरा कशा असतात तुम्हाला माहितीय. त्यांच्या नळ्या अर्ध्या आल्या तरी आपण देवाचे आभार मानतो. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. पण म्हटलं, कावीसीचा हात चांगला आहे."

ती गेल्यावर लान्येरोनं त्याच दिवशीची दुसरी नळी, लाल पेशी मोजायची, शोधून काढली. हिमोग्लोबिन फेब्रुवारीत अकरा. ऑगस्टमध्ये साडेसोळा.

एवढं रक्त या मुलखातल्या सत्तरीच्या बाईच्या अंगात नसतं. हे रक्त पुरुषाचं होतं. खाऊनपिऊन असलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाचं. मात्र त्याचे बाकीचे आकडे धडधाकट नव्हते. वाईट चरबी भरपूर, दाहाचा आकडा चढलेला, त्यात तो एकशे एकतीस. रक्त कुणाचंही असो, त्याच्या वाहिन्या आतून चोंदत चालल्या होत्या, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसेल.

तिनं संचालकबाईंना कळवलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, "मग तिचा कुणी मित्र असेल. शुक्रवार."

३

पिकअप चालवणाऱ्या माणसाला सगळे सालोंगो म्हणत, म्हणजे जुळ्यांचा बाप. त्याचं खरं नाव केंद्रात कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यालाही त्याची उणीव भासत नव्हती. मंगळवारी दुपारी तो गाडीच्या सावलीत बसून भाजलेलं केळं खात होता.

"घ्या ना, डॉक्टरबाई. गरम आहे."

"नको. क्याबिरीला गेलात तो दिवस आठवतोय?"

"आठवतोय म्हणजे काय! माझा सोडा गेला त्या दिवशी."

"सोडा?"

"चर्चच्या ओसरीत रक्तं काढली. अकराच्या आत सगळं आटोपलं. मी म्हटलं चला. तर कावीसी म्हणतो, एक राहिलंय, आणि गेला आत, सामानाच्या खोलीत. चांगला अर्धा तास. बाहेर आला तो घामानं डबडबलेला. माझी सोड्याची बाटली उचलली आणि गटागटा संपवली. विचारलं नाही, काही नाही. एरवी गोड म्हटलं की तोंड वाकडं करणारा माणूस!"

लान्येरोनं हातातल्या कागदी पाकिटाच्या मागे लिहिलं: नळीच्या लेबलावरची वेळ अकरा चाळीस. कावीसीच्या अक्षरात. उपाशीपोटी येणाऱ्या म्हाताऱ्यांचं रक्त नेहमी सगळ्यात आधी काढतात. मग हिचं सगळ्यात शेवटी का?

"एक्केचाळीस नंबरच्या नाम्पीमा जाजा आल्या होत्या का त्या दिवशी?"

"आल्या होत्या की. सकाळपासून फणसाखाली बसून होत्या. डोक्यावरून कापड, ओसरीकडे पाठ. मी दोनदा हाक मारली, जाजा, इकडे सावलीत या. तर हातानंच नको म्हणाल्या. मग रक्त दिल्यावर आपण देतो ती साबणाची वडी घेऊन घरी गेल्या."

"पाठ का केली होती?"

सालोंगोनं केळ्याची साल काळजीपूर्वक गुंडाळली. "म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं," तो म्हणाला आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

लान्येरो पाकिटाकडे बघत राहिली. बाई आली होती. सुई आली होती. सुई धरणारा आला होता. तरी नळीत रक्त तिसऱ्याचंच. जितकी उत्तरं मिळत होती तितका गोंधळ वाढत होता, आणि मंगळवार संपत आला होता.

४

कावीसी बुधवारी सकाळी जिना चढून वर आला, तो मधे एकदा थांबून. कठड्याला धरून त्यानं पोटरी चोळली.

"काय झालं?" वरून लान्येरोनं विचारलं.

"लग्न झालं, मॅडम. बायको रोज उकडलेल्या केळ्यांचे मटोके खाऊ घालते. एवढं वजन घेऊन जिना चढायचा म्हणजे!"

त्रेचाळिसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेला माणूस. केंद्रात वर्षभर त्याची चेष्टा चालली होती. मे महिन्यात मुलीच्या घरी जाऊन रीतसर ओळख करून द्यायचा क्वान्जुला झाला, तेव्हा सगळं केंद्र लोटलं होतं. पुरुष पांढऱ्या पायघोळ कान्झूत, बायका कमरेला पट्टा बांधायच्या रंगीत गोमेसी झग्यांत. उत्तरेकडची अचोली असूनही लान्येरोनं त्या दिवशी गोमेसी नेसली होती आणि दिवसभर तिचा पट्टा सावरत होती.

"क्याबिरीच्या एक्केचाळीस नंबरबद्दल बोलायचंय."

कावीसीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. फक्त डोळ्यांतून गेलं.

"त्यांचं रक्त तू काढलंस?"

"एक्केचाळीस नंबरची नळी मीच भरली, मॅडम. लेबल मी लावलं. सील मी लावलं."

"सगळ्यात शेवटी का?"

"गर्दी होती."

"नळी काठोकाठ भरली. त्या वयात?"

"कधी कधी शीर चांगली सापडते."

उत्तरं आधीच तयार करून आणल्यासारखी येत होती. लान्येरोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस लबाडी करणाऱ्यातला नव्हता. सात वर्षांत त्यानं साबणाची एक वडी इकडची तिकडे केली नव्हती. रडणाऱ्या पोरांना सुई टोचून हसवत घरी पाठवणारा माणूस.

"कावीसी, शुक्रवारी मला एक नाव द्यायचंय. नाहीतर तिबासिमाचं जाईल."

तो एकदम ताठ झाला. "तिचं? तिचं का? तिचा काय संबंध?"

"मग कुणाचा आहे?"

"त्या जाजांना विचारायला जाऊ नका, मॅडम," तो इतक्या हळू म्हणाला की लान्येरोला पुढे वाकावं लागलं. "तुमच्या पाया पडतो. त्यांना त्रास होईल."

एवढं बोलून तो गेला. तो तिबासिमाला पाठीशी घालतोय का? की तिबासिमा त्याला? की दोघं मिळून तिसऱ्याच कुणाला? लान्येरोनं पाकिटावर तीन बाण काढले. तिन्ही बाण एकमेकांकडे बघत होते. तिनं पाकीट फाडून टाकलं.

एक गोष्ट मात्र ठरली. उद्या क्याबिरी. आणि कावीसीला बरोबर घेऊन.

५

गुरुवारी क्याबिरीच्या चढाखाली, चर्चजवळ, कावीसी गाडीतून उतरला.

"मी इथली नोंदवही तपासतो. तुम्ही जाऊन या."

"वर चल."

"चढ आहे, मॅडम. पाय दुखतो." त्याचा चेहरा बघून लान्येरोनं आग्रह सोडला.

नाम्पीमा जाजांचं घर कॉफीच्या झाडांमागे होतं. पिकअपचा आवाज ऐकताच ओसरीवरची म्हातारी उठली, डोक्यावरून कापड ओढलं आणि घराच्या मागे दिसेनाशी झाली.

"आम्ही दोघंच आहोत, जाजा!" सालोंगो ओरडला. "मी आणि डॉक्टरबाई!"

म्हातारी परत आली. डोक्यावरचं कापड आता खांद्यावर होतं. लान्येरोनं गुडघे टेकून नमस्कार केला. घर, गुरं, पोरंबाळं सगळ्यांची विचारपूस झाली, शेंगदाणे आले, चहा आला.

"पळालात का, जाजा? सुईची भीती वाटते?"

"सुईची?" म्हातारी हसली. "सात बाळंतपणं केलीत मी, लेकी. सुई काय करणार मला?"

"मग ऑगस्टमध्ये दुखलं नाही?"

"मुळीच नाही. काहीसुद्धा कळलं नाही."

लान्येरोनं पेटी उघडली. "मी परत एकदा घेते. चालेल?"

म्हातारीनं आनंदानं हात पुढे केला. शीर सापडेना. सापडली ती निसटली. दुसऱ्यांदा टोचलं, तेव्हा जाजा कळवळली. "आई गं! पहिल्या वेळी अगदी असंच दुखलं होतं!"

"फेब्रुवारीत?"

"हो."

"आणि ऑगस्टमध्ये काहीच कळलं नाही?"

म्हातारीनं नजर नळीकडे वळवली. नळीत रक्त थेंबथेंब उतरत होतं. पाव झाली, कशीबशी अर्धी झाली.

तेवढ्यात झाडांखालून, रस्त्यावरून हाक आली. "सालोंगो! गाडी जरा बाजूला घे, ट्रक यायचाय!" आवाज कावीसीचा होता.

पुढे काय झालं ते लान्येरोला नीट कळलंही नाही. सुई हातात असताना म्हातारी गर्रकन वळली, कापड तोंडावरून ओढलं आणि रस्त्याकडे पाठ करून भिंतीला चिकटली. सुई निसटली, रक्ताची धार बोटांवर आली. तरी ती हलली नाही. लान्येरोनं कापूस दाबून धरला.

आणि कापूस दाबून धरलेला असतानाच तिच्या डोक्यातलं गाठोडं सुटलं.

घाबरलेलं माणूस पळतं, नाहीतर ओरडतं. ही पाठ करून बसली होती. सालोंगोची हाक आली तेव्हा बसली नव्हती, कावीसीची आली तेव्हा बसली. ही भीती नव्हती, मर्यादा होती. बुगांडाच्या या मुलखात बारा वर्षं काढून लान्येरोला एवढं ठाऊक होतं, की एकाच पुरुषासमोर बाई अशी बसते. तो तिला दिसता कामा नये आणि त्यानं तिला हात लावता कामा नये. लावला तर दोघांनाही थरथरीचं दुखणं जडतं, असं इथं सगळे मानतात.

"जाजा, तो तुमचा जावई आहे?"

कापडाआडून मान हलली.

"पण त्याच्या सासूबाई तर मुकोनोला असतात. मी पाहिलंय त्यांना."

"ती माझी धाकटी बहीण. तिनं जन्म दिला, मी वाढवलं. आणि वाढवलं नसतं तरी काय? आईची बहीण ती आईच." म्हातारी हळूहळू बोलू लागली. "त्या दिवशी सकाळपासून उपाशी बसले होते. त्यानं शेजारणीबरोबर निरोप धाडला. जाजांचं काम झालं, साबण घ्या, घरी जा. मला वाटलं, आता सुईशिवाय रक्त काढायची काही युक्ती निघाली असेल. सरकार रोज नवीन काही काढतंच."

"मग ऑगस्टमध्ये दुखलं नाही असं मला का सांगितलंत?"

"जावयाला खोटं पाडू?"

लान्येरो उठली. कॉफीच्या झाडांमधून तिला खालचा रस्ता दिसत होता. ट्रकला वाट करून द्यायला कावीसी वीसेक पावलं चढावर आला होता आणि थांबला होता. एक हात कुंपणावर, एक हात पोटरीवर. थोडं थांबला, पुन्हा चार पावलं चालला, पुन्हा थांबला.

सामानाच्या खोलीत त्या दिवशी तो एकटाच होता.

नळीतला तो चोंदत चाललेला माणूस खाली रस्त्यावर उभा होता.

६

शुक्रवारी दुपारी तीन वाजता लान्येरोनं तिघांना खोलीत बोलावलं. तिबासिमा दाराशी उभी राहिली, सालोंगो खिडकीशी. कावीसी बसला, कारण लान्येरोनं त्याला दटावून बसवलं.

"सील शाबूत होतं," लान्येरो म्हणाली. "म्हणजे घोटाळा एक तर सीलच्या आधी गावात झाला, नाहीतर सील तोडल्यावर इथं. गावात करायला कुणाला कारणच दिसत नव्हतं, म्हणून मी इथं शोधत बसले. माझी चूक तिथंच झाली. बाई समोर बसलेली असताना तिचं रक्त का काढू नये, याचं एकच कारण असू शकतं. तिला हात लावता येत नाही. फेब्रुवारीत लावता आला, ऑगस्टमध्ये नाही. मधे फक्त मे महिना आहे."

"क्वान्जुला!" तिबासिमाच्या तोंडून निघालं.

"रक्त पुरुषाचं. नळी काठोकाठ, म्हणजे शीर तरणीताठी. आणि अर्धा लिटर गोड सोडा, कारण माणूस सकाळपासून उपाशी, त्यात स्वतःच्या हातानं स्वतःलाच टोचलेलं." ती कावीसीकडे वळली. "अजून काही राहिलं का?"

कावीसीनं नकारार्थी मान हलवली.

"नळी रिकामी पाठवली असती तर विचारणा झाली असती," तो म्हणाला. "नातं सांगितलं असतं तर मला अभ्यासातून काढलं असतं. नियमच आहे, नातेवाइकाचं रक्त घ्यायचं नाही. नवं लग्न, नवं घर. वाटलं, एका नळीनं काय होतंय."

"आणि आठवडाभर?" तिबासिमाचा आवाज चिरका झाला. "आठवडाभर माझ्या समोर बसून चहा पीत होतास!"

"तुझं नाव घेतलंय हे मला बुधवारी कळलं."

"आज शुक्रवार आहे!"

त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माझ्याकडे यायचं होतंस," लान्येरो म्हणाली. "दुसरं कुणी पाठवलं असतं."

कावीसीनं हात खाली घेतले. खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. जुलैमधला अर्ज होता. क्याबिरीला या वेळी कृपया दुसऱ्या कुणाला पाठवावं, घरगुती कारण आहे. खाली लाल शाईत शेरा होता: माणसं नाहीत. जमवून घ्या. आणि त्याखाली लान्येरोची सही.

आपण हे कधी लिहिलं ते तिला आठवेना. त्या आठवड्यात तिनं असे वीसेक कागद निकालात काढले असतील. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"घरगुती म्हणजे काय, हे विचारलंसुद्धा नाही मी," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं ना, सालोंगो?" तिबासिमा खिडकीकडे वळली.

"नातं माहीत होतं, नळीचं नव्हतं. देवाशपथ. सासू-जावयाचं कुणी बोलतं का चारचौघांत?" सालोंगोनं टोपी काढली. "पण एक म्हणतो. थरथर सुटू नये म्हणून यानं म्हातारीला हात लावला नाही. लावला असता, तर याच्या पायात काय चाललंय हे कुणाला कळलं असतं?"

लान्येरोनं ऑगस्टचे आकडे कावीसीपुढे ठेवले. तो सात वर्षं याच आकड्यांसाठी नळ्या भरत होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचं बोट एकशे एकतीसवर आलं आणि तिथंच थांबलं.

"हे मटोक्याचं वजन नाही, मॅडम," तो म्हणाला.

"नाही. पायाची वाहिनी आहे, आणि पायाची असेल तर हृदयाचीही बघायला हवी. आजच. मोठ्या दवाखान्यात मी सांगून ठेवलंय, ते थांबलेत."

चार वाजता फोन वाजला. संचालकबाईंनी नमस्कारही केला नाही. "नाव?"

"दोन आहेत. पहिलं कावीसीचं. त्यानं एक्केचाळीसच्या नळीत स्वतःचं रक्त भरलं. खऱ्या बाईंचं मी काल घेऊन आलेय, आकडा चोवीस. अभ्यास बुडत नाही."

"आणि दुसरं?"

"माझं. त्यानं जुलैमध्ये बदली मागितली होती, ती मी नाकारली. कागद पाठवतेय."

"त्या मुलीचं पत्र?"

"फाडून टाका, मॅडम. आणि फाडलं असं मला लेखी कळवा."

फोन ठेवून तिनं वर पाहिलं. सालोंगो कावीसीला धरून जिना उतरवत होता. तिबासिमा मात्र दाराशी तशीच उभी होती.

"मॅडम, खरं सांगा. तुम्हालाही वाटलं होतं ना, मीच केलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. लान्येरोच्या ओठांवर ते आलंही होतं.

"हो," ती म्हणाली. "काल दुपारपर्यंत. मी चुकले, तिबासिमा. माफ कर."

तिबासिमानं पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला.

"मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जातेय. सालोंगो गाडी चालवणार, मग त्याला धरायला कुणीतरी हवं. आणि सोमवारी मी सुट्टी घेणार आहे. कारण लिहिणार नाही."

"नको लिहूस. मी विचारणार नाही."

"विचारा," तिबासिमा म्हणाली. "कागदावर कारण नसलं की विचारायचं असतं." आणि जाताना तिनं दार धाडकन आपटलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. तिनं आपल्यावरचा राग मनात राखून ठेवला नाही, याचं लान्येरोला फार बरं वाटलं.